नखभर जागा

चौदाव्या वर्षी मी सेतूबालच्या कारखान्यात लागले.
पहिल्याच दिवशी मुकादमीण झुल्मिरा म्हणाली,
डबा काठोकाठ भरू नकोस, पोरी.
वर नखभर जागा सोड.
तेल फुगतं. जागा नसेल तर शिवण उसवते,
मग आतली सार्डिन काय नि बाहेरची काय,
सगळीच मांजरांना.

सोडली. सत्तावीस वर्षं,
दिवसाला हजारभर डब्यांत,
कारखान्याला टाळं लागेपर्यंत.
घरी मात्र विसरले.

तेल्मो, तू एक्केचाळीसचा आहेस.
तुला नाही, स्वतःलाच सांगतेय.
परवा बँकेतल्या मुलीने विचारलं,
तुमच्यावर अवलंबून कुणी?
मी म्हणाले, एक मुलगा.
तिने पेन उचललं. वय काय त्याचं?
मागे रांग होती.
मी म्हणाले, चष्मा घरी राहिलाय, उद्या येते.

रविवारी तू जेवायला यायचास
आणि ताटलीखाली पाकीट असायचं.
आपण त्याबद्दल कधी बोललो नाही.
तू ताटली उचलायचास, जणू खाली काही सांडलंय,
मी तेवढ्यात गॅसकडे वळायचे.
किती सभ्य होतो आपण!
आधी व्हॅनचा हप्ता.
मग व्हॅन गेली, हप्ता राहिला.
मग नदीपल्याड, ट्रोयाच्या वाळूवर, भाड्याच्या होड्या,
एक उन्हाळा टिकल्या.
मग नुसतंच, आई, या महिन्यापुरतं.
असे त्रेसष्ट महिने. मोजलेत मी.
मोजण्याचाच तर पगार घेत होते.

तुझे बाबा असते तर पहिल्याच महिन्यात
टेबलावर मूठ आपटून नाही म्हणाले असते,
आणि रात्री मला न सांगता देऊन आले असते.

पदरमोड म्हणावं तर मला पदर कुठला?
एप्रन आहे. मोडत मोडत नाड्यांपर्यंत आलेय.
डावीकडची दाढ दोन वर्षं ठणकते,
मी उजवीकडून चावते.
हा हिशेब तुला कधी दाखवला नाही,
एवढी चूक माझी.
हसताना तोंड मिटून घेते,
तुला वाटलं असेल, म्हातारी शांत झाली.

शुक्रवारी फोनवर म्हणाले, पाकीट बंद.
वाक्य पाठ केलं होतं,
बसथांब्यावर, आंघोळीत, मासे साफ करताना.
मासे निमूट ऐकतात.
तू बराच वेळ गप्प.
मग विचारलंस, हे तुला कुणी शिकवलं?
जशी काही मला कुणाची संगत लागलीय.

आज येशील असं वाटलं नव्हतं.
पावणेदोनला आलास, केस ओले, काखेत पाव.
पाव विकत आणलास!
मी काही बोलले नाही. बोलले असते तर
आवाजाने दगा दिला असता.

बसलास. ताटली उचललीस. सवय.
खाली मेणकापडावरची छापील लिंबं.
तू ती जरा वेळ वाचलीस.
मी गॅसकडे वळले नाही,
त्रेसष्ट महिन्यांत पहिल्यांदा तिथेच उभी राहून बघितलं,
तुझ्या मानेमागे पांढरे केस आलेत.
ताटली खाली ठेवलीस,
जरा जास्तच आवाज झाला.

सूप वाढ, म्हणालास.
वाडगा भरत आणला,
हात आपणहून थांबला.
एवढंच?
सांडतं, म्हणाले. अजून हवं तर उठून घे,
पातेलं तिथेच आहे.

उठलास. दोनदा उठलास.
बटाटे शोधत तळाशी डाव फिरवलास, लहानपणी फिरवायचास तसा.
बोलणं झालं ते फुटबॉलचं
आणि वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळाचं.

निघताना उरलेला अर्धा पाव
कागदात गुंडाळलास.
मीच आणलाय ना, म्हणालास.

खरंच होतं ते.